चेंडू राखणारे हात

नोव्हेंबर 2024 मध्ये चेन्नईतल्या पेरियामेट भागातल्या जवाहरलाल नेहरू इनडोअर स्टेडियमवर भारताचा पुरुष बास्केटबॉल संघ चार दिवसांत दोन सामने खेळला. 22 तारखेला कतारने त्याला 69-53 असं हरवलं. 25 तारखेला, सोमवारी, त्याच मैदानावर भारताने कझाकस्तानचा 88-69 असा फडशा पाडला. मधल्या दोन दिवसांत कुणाची उंची वाढली नव्हती की कुणाचा नेम नव्याने घडला नव्हता. तरीही एका सामन्यात 53 गुण आणि दुसऱ्यात 88.

हे सामने 2025 च्या आशिया चषकाच्या पात्रता फेरीतले होते. गटात इराण आणि कतार वरचढ होते, त्यामुळे भारताची खरी लढत तिसऱ्या जागेसाठी होती. ती जागा मिळाली. त्या बळावर मार्च 2025 मध्ये भारत बहारीनच्या मनामा शहरात अखेरच्या पात्रता स्पर्धेत उतरला, इराक आणि यजमान बहारीन या दोघांना हरवलं आणि ऑगस्टमध्ये सौदी अरेबियातल्या जेद्दाला मुख्य स्पर्धेत जाऊन पोहोचला. चेन्नईतला तो सोमवार हुकला असता, तर पुढचं सगळंच अवघड झालं असतं.

एखादा संघ एका रात्री अडखळतो आणि दुसऱ्या रात्री सुसाट सुटतो, तेव्हा बहुतेक प्रेक्षक नेमबाजीकडे बोट दाखवतात. ‘आज बॉल पडत होते’ हे वाक्य भारतातल्या प्रत्येक कोर्टाच्या कडेला ऐकू येतं. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. चेंडू बास्केटमध्ये पडतो की नाही हे शेवटच्या सेकंदात दिसतं. तो कुणाच्या हातातून, कुठून आणि किती मोकळेपणाने सुटणार हे मात्र त्याआधीच्या पंधरा-वीस सेकंदांत ठरलेलं असतं. या लेखाचा विषय ती पंधरा-वीस सेकंदं आहेत.

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार चेंडू ताब्यात आलेल्या संघाला 24 सेकंदांत बास्केटच्या दिशेने फेक करावी लागते. त्यातल्या पहिल्या 8 सेकंदांत चेंडू स्वतःच्या अर्ध्या भागातून पुढच्या अर्ध्या भागात न्यावा लागतो. प्रतिस्पर्धी अंगाला खेटून उभा असेल, तर 5 सेकंदांपेक्षा जास्त वेळ चेंडू नुसता धरून ठेवता येत नाही. मैदान 28 मीटर लांब आणि 15 मीटर रुंद. एवढ्या जागेत दहा माणसं धावत असतात.

आता एक चाल जवळून पाहू. पॉइंट गार्ड, म्हणजे संघाचा चेंडू सांभाळणारा मुख्य खेळाडू, मधली रेषा ओलांडतो तेव्हा घड्याळात 18 सेकंद उरलेले असतात. त्याच्या संघातला उंच खेळाडू वर येऊन प्रतिस्पर्ध्याच्या वाटेत भिंतीसारखा उभा राहतो. याला स्क्रीन म्हणतात. गार्ड त्या खेळाडूच्या खांद्याला घासून पुढे निघतो. त्याचा बचावपटू अडकतो. उंच खेळाडूला राखणारा बचावपटू आता पेचात पडतो. त्याने गार्डला अडवावं, की बास्केटकडे झेपावणाऱ्या आपल्या माणसाला? तो गार्डकडे एक पाऊल सरकतो. त्याच क्षणी कोपऱ्यात उभा असलेला तिसरा बचावपटू मदतीला आत येतो. म्हणजे कोपऱ्यातला नेमबाज मोकळा झाला. तो मोकळेपणा जेमतेम एका सेकंदाचा. त्या सेकंदात चेंडू तिथे पोहोचला, तर मोकळी फेक. अर्धा सेकंद उशीर झाला, तर बचावपटू परत आलेला असतो आणि लांबून मारलेल्या त्या पासवर त्याचा हात पडतो.

गार्डच्या हाताकडे पाहिलं तर काम आणखी बारीक दिसतं. चेंडूचं वजन सहाशे ग्रॅमच्या आसपास. ड्रिबलिंग करताना, म्हणजे चेंडू जमिनीवर आपटत नेताना, तळहात चेंडूला टेकत नाही, बोटांची पेरं टेकतात. नजर चेंडूवर नसतेच, ती कोपऱ्यातल्या बचावपटूच्या पायांवर असते, कारण माणूस कुठे जाणार हे आधी पाय सांगतात. पास सुटताना अंगठे खाली वळतात आणि चेंडूला उलटी फिरकी मिळते, म्हणून तो झेलणाऱ्याच्या हातात बसतो. चेन्नईच्या दमट हवेत, उघड्या कोर्टावर सराव करणाऱ्या मुलांना यात आणखी एक अडचण असते. अर्ध्या तासात चेंडू घामाने निसरडा होतो आणि बोटांची पकड सैल पडते.

अशा चालीतून काय मिळतं आणि ती फसली तर काय जातं, याचा हिशेब मांडता येतो. अमेरिकी अभ्यासक डीन ऑलिव्हर यांनी 2004 मध्ये आलेल्या ‘बास्केटबॉल ऑन पेपर’ या पुस्तकात सामना जिंकायला लागणारे चार घटक सांगितले आणि त्यांचं साधारण वजनही दिलं. नेमबाजी 40 टक्के, चेंडू न गमावणं 25 टक्के, रिबाउंड, म्हणजे हुकलेली फेक पकडणं, 20 टक्के आणि फ्री थ्रो मिळवणं 15 टक्के. यात पासिंगचं वेगळं नाव नाही. पण पहिले दोन घटक पाहा. चांगली फेक मिळवून देतो तो पास आणि चेंडू जातो तोही बहुतेकदा पास करताना किंवा ड्रिबल करताना. म्हणजे शंभरातल्या 65 टक्क्यांवर चेंडू हाताळणाऱ्या माणसांचा हात असतो.

एक सोपं उदाहरण घेऊ. 40 मिनिटांच्या सामन्यात दोन्ही संघांना प्रत्येकी 72 वेळा चेंडू मिळाला असं धरू. एका संघाने तो 12 वेळा गमावला, दुसऱ्याने 18 वेळा. पहिल्याला गुण करण्याच्या 60 संधी मिळाल्या, दुसऱ्याला 54. दोघांची नेमबाजी अगदी सारखी असली आणि प्रत्येक संधीमागे सरासरी 1.1 गुण मिळत असले, तरी पहिला संघ सहा-सात गुणांनी पुढे असतो. आणि हा हिशेब अजून पुरा झालेला नाही. चेंडू बाहेर गेला किंवा पंचांनी नियमभंग दिला तर खेळ थांबतो, बचावाला मागे यायला वेळ मिळतो. पण पास मधल्यामध्ये हिसकावला गेला तर प्रतिस्पर्धी थेट मोकळ्या बास्केटकडे धावतो आणि त्या धावेतून मिळणारे दोन गुण जवळजवळ हक्काचे असतात. म्हणून अनुभवी प्रशिक्षक दोन चुकांना एका तराजूत तोलत नाहीत. कडेला बाहेर गेलेल्या पासवर ते गप्प राहतात आणि मधोमध हिसकावल्या गेलेल्या आडव्या पासवर मात्र लगेच टाइम-आउट मागतात.

साखळी फेरीत हा तोटा झाकला जाऊ शकतो. समोर दुबळे संघही येतात, प्रवासाने थकलेले संघही येतात. बाद फेरीत तसं होत नाही. अमेरिकेच्या एनबीएमध्ये प्ले-ऑफच्या मालिका सात सामन्यांच्या असतात. एकच प्रतिस्पर्धी दोन आठवडे समोर असतो आणि तुमच्या प्रत्येक चालीचं चित्रीकरण त्याच्या प्रशिक्षकांनी पाठ केलेलं असतं. पहिली पसंतीची चाल बंद होते, दुसरीही बंद होते, आणि मग चेंडू ज्याच्या हातात आहे त्याला तिसरी वाट जागेवर शोधावी लागते.

बोस्टन सेल्टिक्सची 2022 सालची कहाणी याची साक्ष आहे. तो संघ बचावात पहिल्या दर्जाचा होता आणि अंतिम फेरीत गोल्डन स्टेट वॉरियर्ससमोर 2-1 असा पुढेही होता. त्या प्ले-ऑफमध्ये बोस्टन 24 सामने खेळला. ज्या सामन्यांत त्याने 15 किंवा कमी वेळा चेंडू गमावला त्यांत 13 विजय आणि 2 पराभव. ज्यांत 16 किंवा जास्त वेळा गमावला त्यांत 1 विजय आणि 8 पराभव. इतकी सरळ विभागणी खेळात क्वचित दिसते. संघाचा सर्वांत मोठा खेळाडू जेसन टेटम याने त्या एका प्ले-ऑफमध्ये 100 वेळा चेंडू गमावला, आणि एका प्ले-ऑफमधला तो नकोसा विक्रम ठरला. निर्णायक सहाव्या सामन्यात घरच्या मैदानावर संघाने वीसपेक्षा जास्त वेळा चेंडू सोडला आणि किताब गेला.

यात टेटमला दोषी ठरवणं सोपं आहे, पण ते अन्यायाचं होईल. तो मुळात गुण मिळवणारा खेळाडू. दोन-दोन बचावपटू अंगावर येत असताना चेंडू वर आणण्याचा आणि चाल रचण्याचा भारही त्याच्यावरच पडत होता. बोस्टनने पुढच्या काळात तो भार वाटून घेतला. डेरिक व्हाइट संघात होताच, 2023 मध्ये ड्रू हॉलिडे आला. दोघेही शांत डोक्याचे, चेंडू न सांडणारे गार्ड. जून 2024 मध्ये बोस्टनने डॅलसला 4-1 असं हरवून 18 वा किताब मिळवला. टेटम तोच होता, त्याच्या शेजारचे हात बदलले होते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. चेंडू न गमावणं महत्त्वाचं म्हणजे जपून, घाबरत खेळणं नव्हे. आणि पासिंग महत्त्वाचं म्हणजे जास्तीत जास्त पास करणंही नव्हे. एनबीएच्या सर्व स्टेडियममध्ये 2013-14 पासून छतावर कॅमेरे बसले आणि प्रत्येक पासची नोंद होऊ लागली. तेव्हापासून नुसती पासची संख्या पाहून कोण जिंकेल हे सांगता येत नाही, हे अभ्यासकांना पुरतं ठाऊक आहे. तीन-चार खेळाडू 3-पॉइंट रेषेबाहेर एकमेकांकडे चेंडू फिरवत राहिले आणि बचाव जागचा हललाच नाही, तर त्या पासांनी फक्त घड्याळ खाल्लं. ह्यूस्टन रॉकेट्सने 2017-18 मध्ये याच्या अगदी उलट वाट धरली. जेम्स हार्डन किंवा ख्रिस पॉल यांपैकी एकाने समोरच्याला एकट्याने भिडायचं, बाकीच्यांनी दूर पसरून उभं राहायचं. पास कमी, पण 65 विजय. पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीत वॉरियर्ससमोर ते 3-2 असे पुढे होते. पाचव्या सामन्यात पॉल जायबंदी झाला. चेंडू हाताळणाऱ्या दोघांपैकी एकच उरला. सातव्या सामन्यात ह्यूस्टनचे लागोपाठ 27 तीन-गुणी फटके हुकले. त्या 27 फटक्यांची चर्चा खूप होते. पॉलविना थकलेल्या हार्डनला सगळं ओढावं लागलं, हे मात्र पुरेसं बोललं जात नाही.

दुसऱ्या टोकाला 2014 चा सॅन अँटोनिओ स्पर्स. त्या वर्षी लीगमध्ये सामन्यागणिक सर्वाधिक असिस्ट, म्हणजे थेट गुण मिळवून देणारे पास, त्यांचे होते, आणि संघातला एकही खेळाडू सरासरी 30 मिनिटं मैदानावर नव्हता. आदल्या वर्षी अंतिम फेरीत मायामी हीटने त्यांना सात सामन्यांत हरवलं होतं. 2014 मध्ये तेच दोन संघ पुन्हा समोरासमोर आले. दोन सामन्यांनंतर 1-1 अशी बरोबरी असताना प्रशिक्षक ग्रेग पोपोविच यांनी एक बदल केला. बोरिस डिआव या फ्रेंच फॉरवर्डला सुरुवातीच्या पाचांत घेतलं. डिआव उंच उडी मारणारा नव्हता की वेगवान नव्हता. पण उंच खेळाडूच्या जागेवर उभा राहून तो गार्डसारखा पास करायचा. पुढचे तिन्ही सामने स्पर्सने 19, 21 आणि 17 गुणांनी जिंकले. मायामीचा बचाव झेपावणारा, दोघांनी मिळून चेंडूवर तुटून पडणारा होता. ज्याच्यावर दोघे तुटून पडत, तो लगेच चेंडू सोडून द्यायचा. ज्याला मिळे, त्याच्यासमोर आता चार जणांविरुद्ध तीनच बचावपटू असत. आणि तोही थांबायचा नाही. खो-खोत पाठलाग करणारा गडी खो द्यायला अर्धा क्षण उशीर करतो आणि समोरचा निसटतो. स्पर्सच्या पाचही जणांना तो अर्धा क्षण कळत होता.

यातून लेखाचा मुख्य मुद्दा येतो. बाद फेरीत पास मोजायचे नसतात, त्या पासने बचावाला पाठ फिरवायला लावली का, हे पाहायचं असतं. ते एकदा घडलं तर दोन पास पुरतात. घडलं नाही तर दहाही फुकट.

मद्रासमध्ये, म्हणजे आजच्या चेन्नईत, हा खेळ ज्या वाटेने आला, ती वाट या मुद्द्याशी जोडलेली आहे. डिसेंबर 1891 मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्ड इथल्या वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथ यांनी बास्केटबॉल रचला. फळांच्या दोन टोपल्या, फुटबॉल आणि 13 नियम. त्या मूळ नियमांत ड्रिबलिंग नव्हतं. चेंडू घेऊन पळायला बंदी होती. जिथे झेलला तिथूनच तो फेकायचा. म्हणजे जन्माच्या वेळी बास्केटबॉल हा शुद्ध पासिंगचा खेळ होता. कोंडलेला खेळाडू चेंडू स्वतःपुढे जमिनीवर टाकून पुन्हा पकडू लागला, त्यातून ड्रिबलिंग नंतर आलं.

त्याच स्प्रिंगफील्डमध्ये शिकलेले हॅरी क्रो बक मद्रासला आले आणि 1920 मध्ये त्यांनी वायएमसीएची शारीरिक शिक्षणाची संस्था सुरू केली. आज ती नंदनम इथे, अण्णा सालईजवळ अड्यार नदीच्या बाजूला आहे आणि आशियातली या प्रकारची सर्वांत जुनी संस्था मानली जाते. 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकला गेलेल्या भारतीय चमूबरोबर बक व्यवस्थापक म्हणून होते. नंदनममधून बाहेर पडलेले शारीरिक शिक्षक देशभरातल्या शाळा-कॉलेजांत गेले आणि जिथे गेले तिथे बास्केटबॉलचे खांब उभे राहिले. पहिली राष्ट्रीय स्पर्धा 1934 मध्ये दिल्लीत झाली आणि भारतीय बास्केटबॉल महासंघ 1950 मध्ये स्थापन झाला. तमिळनाडूत या खेळाला मिळालेली लोकप्रियता अचानक आलेली नाही.

मुंबईतही या खेळाला वायएमसीएचाच आधार मिळाला, पण तिथे त्याने वेगळं वळण घेतलं. नागपाड्यातल्या मस्तान वायएमसीएच्या आणि नागपाडा नेबरहुड हाउसच्या कोर्टांवर दाट वस्तीतली पोरं खेळायची. जागा कमी, गर्दी जास्त. अशा ठिकाणी चेंडू हातातून सुटला की पुन्हा मिळायची खात्री नाही, म्हणून तिथल्या खेळाडूंच्या हातात ड्रिबलिंग मुरलं. अब्बास मुन्तसिर हे त्या परंपरेतलं सर्वांत मोठं नाव. भारताचं कर्णधारपद भूषवलेल्या मुन्तसिर यांना 1970 चा अर्जुन पुरस्कार मिळाला. पाठीमागून पास देण्याची आणि चेंडूशी खेळत बचावपटूला हुलकावण्याची त्यांची शैली पाहायला लोक लांबून येत. चांगल्या संघाला नागपाड्याचे हात हवेत आणि नंदनमची शिस्तही हवी.

भारतीय संघांपुढची खरी अडचण उंचीची आहे असं सांगितलं जातं. शाळेत एखादा मुलगा सहा फुटांच्या पुढे गेला की त्याला बास्केटखाली उभं करतात आणि ड्रिबलिंगपासून दूर ठेवतात. वीस वर्षांचा होईपर्यंत त्याच्याकडे रिबाउंड असतो, पण दबावाखाली चेंडू बाहेर काढायची कला नसते. या समजुतीला चेन्नईतच एक उत्तर मिळालं होतं, त्याकडे आपलं पुरेसं लक्ष गेलं नाही.

सप्टेंबर 2009 मध्ये महिलांची आशियाई अजिंक्यपद स्पर्धा चेन्नईत झाली. चीन पहिला, दक्षिण कोरिया दुसरा आणि जपान तिसरा आला. चीनच्या उंच मुलींसमोर जपानी मुली खुज्या दिसत. पण जपानने उंच मुली शोधण्यावर सगळी भिस्त ठेवली नाही. वेग, पाचही जणींना येणारं ड्रिबलिंग, झटपट पास आणि 3-पॉइंट रेषेबाहेरून फेक, या चार गोष्टींवर त्यांनी संघ बांधला. 2013 पासून 2021 पर्यंत लागोपाठ पाच वेळा आशियाई विजेतेपद त्यांनी घेतलं. आणि 2021 मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये उपांत्य फेरीत फ्रान्सला 87-71 असं हरवलं. त्या सामन्यात रुई माचिदा या गार्डने 18 असिस्ट दिले, हा ऑलिंपिकमधला विक्रम ठरला. माचिदाची उंची 162 सेंटीमीटर. पुण्यातल्या किंवा चेन्नईतल्या कुठल्याही कॉलेजच्या संघात सहज आढळेल अशी. अंतिम सामन्यात अमेरिकेने जपानला हरवलं, पण रौप्यपदक जपानच्या गळ्यात होतं.

माचिदाचे त्या सामन्यातले पास पाहण्यासारखे आहेत. ती ड्रिबल करत आत शिरते, फ्रान्सची उंच सेंटर तिला अडवायला पुढे येते, आणि माचिदा फेक न मारता बास्केटच्या खालून पलीकडे जाते. आता पूर्ण बचावाची नजर तिच्यावर खिळलेली आणि पाठ नेमबाजांकडे. तिथून ती मागे, कोपऱ्यात, डोक्याच्या बाजूने चेंडू सोडते. उंच बचावपटूची उंची तिथे निरुपयोगी ठरते, कारण ती चुकीच्या बाजूला तोंड करून उभी असते.

भारतीय महिलांनाही अशा अटीतटीच्या सामन्याचा अनुभव आहे. जुलै 2017 मध्ये बंगळुरूला आशिया चषकाच्या ब गटाचा अंतिम सामना झाला. भारताने कझाकस्तानला 75-73 असं हरवलं आणि अ गटात प्रवेश मिळवला. त्या संघात चेन्नईची अनिता पॉलदुराई होती. दक्षिण रेल्वेची खेळाडू, जवळजवळ दोन दशकं भारतासाठी खेळलेली आणि आई झाल्यावर पुन्हा मैदानात उतरलेली. 2021 मध्ये तिला पद्मश्री मिळाली. त्याच संघात पुण्याची शिरीन लिमये होती, जिने पुढे भारताचं नेतृत्व केलं. दोन गुणांनी सुटलेल्या सामन्यात वाचवलेला एक चेंडू आणि गमावलेला एक चेंडू यांच्यात गट बदलण्याएवढं अंतर असतं. पुढे अ गटात जपान, कोरियाच्या पूर्ण मैदानभर दबाव टाकणाऱ्या संघांसमोर भारतीय मुलींची दमछाक झाली. पहिली 8 सेकंदंच जड जात होती. चेंडू मधली रेषा ओलांडण्याआधीच दोघी जणी अंगावर आल्या, तर काय करायचं याचा सराव देशांतर्गत स्पर्धांत फारसा मिळतच नाही, कारण इथे असा दबाव टाकणारे संघ मोजके आहेत.

चेन्नईत खेळाडूंना नोकरी देणारे संघ आहेत. इंडियन ओव्हरसीज बँक, इंडियन बँक, दक्षिण रेल्वे ही नावं देशभरातल्या स्पर्धांच्या अंतिम फेऱ्यांत वर्षानुवर्षं दिसतात. उन्हाळ्यात कोइंबतूरची पीएसजी करंडक स्पर्धा आणि थेनी जिल्ह्यातल्या पेरियाकुलमची स्पर्धा भरते, तेव्हा गावंच्या गावं रात्री उजेडातले सामने पाहायला जमतात. पण या स्पर्धा आठवड्याभराच्या. रोज नवा प्रतिस्पर्धी. त्यात एकाच संघाला पुन्हा पुन्हा भिडून, त्याने बंद केलेल्या वाटेला पर्याय शोधायची सवय लागत नाही. व्यावसायिक लीगची सुरुवात 2015 मध्ये यूबीएने (युनायटेड बास्केटबॉल अलायन्स) केली, त्यात चेन्नई स्लॅमबरोबर पुणे पेशवाज आणि मुंबई चॅलेंजर्स हे संघ होते, पण ती लीग काही वर्षांतच थांबली. पुढे आलेल्या आयएनबीएलच्या (इंडियन नॅशनल बास्केटबॉल लीग) पहिल्या हंगामात सहा संघ खेळले आणि जानेवारी 2023 मध्ये चेन्नई हीटने बंगळुरू किंग्जला हरवून किताब घेतला. घरच्या खेळाडूंना मालिकेच्या स्वरूपात एकमेकांशी भिडायला मिळालं, ही त्या हंगामाची सर्वांत मोठी कमाई म्हणायला हवी. अशा मालिका दरवर्षी, न चुकता झाल्या, तरच गार्ड घडतील.

दबावात चेंडू सांभाळण्याची पराकाष्ठा पाहायची असेल तर मे 2025 मध्ये इंडियाना पेसर्सच्या टायरीस हॅलिबर्टनचा एक सामना आहे. पूर्व विभागाच्या अंतिम फेरीत न्यूयॉर्क निक्सविरुद्ध चौथ्या सामन्यात त्याने 32 गुण, 12 रिबाउंड आणि 15 असिस्ट मिळवले आणि एकदाही चेंडू गमावला नाही. एनबीएच्या प्ले-ऑफमध्ये असं आधी कुणी केलं नव्हतं. त्याच संघाने पुढे अंतिम फेरीच्या पहिल्या सामन्यात ओक्लाहोमा सिटीच्या दबावाखाली पूर्वार्धातच 19 वेळा चेंडू सोडला. उत्तरार्धात त्यांनी हात आवरले आणि शेवटच्या सेकंदात हॅलिबर्टनच्याच फेकीवर 111-110 असा सामना खेचून आणला. ओक्लाहोमा सिटीने मालिका मात्र सात सामन्यांत जिंकली. एखाद्या सामन्यात चुका पचतात. दोन आठवड्यांच्या मालिकेत त्या पचत नाहीत.

जेद्दात ऑगस्ट 2025 मध्ये भारताने जॉर्डनसारख्या तगड्या संघाला जादा वेळेपर्यंत झुंजवलं आणि 84-91 असा सामना गमावला. चाळीस मिनिटं बरोबरीत राहिलेल्या संघाला ‘कमी पडला’ एवढं सांगून भागत नाही. नेमका कुठे कमी पडला हे सांगता यायला हवं, आणि ते सांगायला नोंदी लागतात.

आपल्याकडे जिल्हा आणि शालेय स्पर्धांत टेबलावर जी गुणपत्रिका भरली जाते, तिच्यात गुण, फाउल आणि टाइम-आउट यांचे रकाने असतात. कुणी मोकळा पास दिला, कुणी चेंडू गमावला, तो चालू खेळात गमावला की बाहेर गेला, याला जागाच नसते. सामना संपल्यावर सर्वाधिक गुण करणाऱ्याला ढाल मिळते आणि चार वेळा दबाव फोडून चेंडू पुढे आणणारी गार्ड गर्दीत हरवते. पुणे, नागपूर, कोल्हापूर, चेन्नई, कुठल्याही स्पर्धेच्या आयोजकांनी येत्या हंगामात टेबलाशेजारी आणखी एक खुर्ची ठेवावी, एका विद्यार्थ्याच्या हाती वही द्यावी आणि प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे दोनच रकाने आखायला सांगावेत: असिस्ट आणि गमावलेले चेंडू. त्याला पैसे लागत नाहीत, परवानगी लागत नाही. प्रशिक्षकांनी ती वही रोज संध्याकाळी मुलांबरोबर बसून वाचावी, आणि बक्षीस समारंभात एक ढाल त्या वहीवरून ठरवावी.